रॅकेट बदललेला नाटेकर

आमच्या नाशिकमध्ये संध्याकाळी कोर्टाबाहेर मुलांची वाट बघत स्कूटरवर बसलेले आईबाप दिसतात. मूल एक खेळ सोडून दुसरा धरू लागले की त्यांचे चेहरे पडतात. त्यांना मी नंदू नाटेकरांची गोष्ट सांगतो.

१९३३ साली सांगलीत जन्मलेले नाटेकर आधी टेनिस खेळत. १९५१-५२ च्या सुमारास कलकत्त्याला कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांनी त्यांना हरवले आणि ते बॅडमिंटनकडे वळले. एका पराभवापायी खेळच सोडायचा? आम्हा बँकवाल्यांनी हे खाते बुडीतच धरले असते! पण समोरचे कृष्णन पुढे १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठणारे. आपली ताकद कुठे आहे, हे विशीच्या आत ओळखायला धाडस लागते.

१९५३ मध्ये नाटेकर बॅडमिंटनचे राष्ट्रीय विजेते झाले. १९५६ मध्ये त्यांनी मलायातील सेलांगूर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये पहिल्याच अर्जुन पुरस्कारांत त्यांचे नाव होते. २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात ते गेले.

घरातून टेनिस मात्र हटले नाही. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकणारा गौरव नाटेकर हा त्यांचाच मुलगा.