सोळाव्या वर्षी उघडणारी फाइल

आज ज्या पुस्तकापासून सुरुवात करणार आहोत, ते तुमच्या मुलांनी इथल्या शाळेत कदाचित वाचलंही असेल. एरिख केस्टनर यांची १९४९ सालची 'दास डोपेल्टे लोटशेन'.

सुट्टीतल्या शिबिरात नऊ वर्षांच्या दोन मुली समोरासमोर येतात. व्हिएन्नाची लुइझे आणि म्युनिकची लोटे. चेहरा हुबेहूब सारखा, जन्मतारीख एकच, जन्मगावही एकच. एक वडिलांकडे वाढलेली, दुसरी आईकडे. आपण जुळ्या आहोत हे त्या स्वतःच शोधून काढतात आणि शिबिर संपल्यावर एकमेकींच्या घरी जातात! 'दो कलियां' या १९६८ च्या हिंदी सिनेमात छोट्या नीतू सिंगनं दोन्ही बहिणी रंगवल्या, त्या गोष्टीचं मूळ हेच.

या रहस्यकथेत खलनायक कुणीच नाही. गुपित राखलंय ते मुलींवर जीव असलेल्या आईवडिलांनी. किशोरवयीन मुलांसाठीच्या 'मी नक्की कोण?' या प्रकारच्या कादंबऱ्या बहुतेक याच पायावर उभ्या असतात. मोठी माणसं गप्प राहतात आणि मुलं खुणा जोडत जातात: एखादा फोटो, एखादी तारीख, विषय निघाला की बदलणारा आवाज.

पुस्तकाबाहेर ही गोष्ट इतकी सोपी नसते. १९७३ साली पुण्यात जन्मलेले अरुण डोहले यांना एका जर्मन दांपत्यानं दत्तक घेतलं. मोठेपणी त्यांना जन्मदात्या आईचा शोध घ्यायचा होता, पण फाइल पाहायला मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर २०१० मध्ये त्यांची आईशी भेट झाली.

मग आज इथे राहणाऱ्या दत्तक मुलाला काय हक्क आहे? आपलं मूळ जाणून घेण्याचा हक्क हा व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचाच भाग आहे, असं जर्मनीच्या घटना न्यायालयानं ३१ जानेवारी १९८९ रोजी सांगितलं. दत्तक प्रक्रियेची फाइल इथे मुलाच्या जन्मापासून १०० वर्षं जपून ठेवावी लागते. सोळा वर्षं पूर्ण झाली की मूल स्वतः अर्ज करून, तज्ज्ञाच्या मदतीनं, आपल्या मुळाबद्दलची कागदपत्रं पाहू शकतं. त्याआधी पालक अर्ज करू शकतात. दात्याच्या शुक्राणूंपासून जन्मलेल्या मुलांसाठी १ जुलै २०१८ पासून सरकारी नोंदवही आहे. तिथली माहिती ११० वर्षं राहते.

मूल भारतातून दत्तक आलेलं असेल, तर वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर त्याला 'कारा' या केंद्रीय दत्तक संस्थेच्या मदतीनं मूळ शोधता येतं. मात्र तिथला नियम जन्मदात्यांची गोपनीयताही जपतो. कुण्या बाईनं तेव्हा मोठी किंमत मोजून ते मूल सोपवलेलं असू शकतं, आणि आज तिचं वेगळं घर असू शकतं. म्हणून उत्तर मिळेलच असं नाही. हे मुलाला आधीच सांगायला हवं.

कायद्यानं फाइल उघडते. पण सोळाव्या वर्षी, सरकारी टेबलापलीकडून, पहिल्यांदाच काही कळणं हा धक्काच असतो. कर्णाला आपली आई कोण हे कळलं ते युद्धाच्या तोंडावर. सत्य तेच होतं, पण सांगायला फार उशीर झाला होता.

तेव्हा तुमच्या घरात असं काही सांगायचं राहिलं असेल, तर मूल लहान असतानाच, साध्या शब्दांत सांगायला लागा. 'तू आमच्याकडे कसा आलास' ही गोष्ट झोपताना ऐकलेली असली, की ती गौप्यस्फोट होत नाही. जुने फोटो, पत्रं, न्यायालयाचा आदेश एका जागी नीट ठेवा. भारतातल्या आजीआजोबांनाही विश्वासात घ्या; नाहीतर एखाद्या लग्नात कुणीतरी नातेवाईक बोलून जातो आणि मुलाला ते तिसऱ्याच तोंडून कळतं.

सुरुवात कशी करायची सुचत नसेल, तर 'लोटशेन' एकत्र वाचा. वाचता वाचता मुलाला विचारा, "त्यांच्या आईबाबांनी आधीच सांगायला हवं होतं का रे?" आणि मग त्याचं उत्तर शांतपणे ऐका.