‘घरात कुणाला आहे का?’ : पाठदुखीच्या निदानातील एक प्रश्न

पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली व तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली पाठदुखी बहुधा स्नायूंच्या ताणाची किंवा मणक्यांच्या झिजेची असते. थोड्या रोग्यांच्या बाबतीत मात्र ते मणक्यांच्या दाहजन्य संधिवाताचे आरंभीचे रूप असते. असे दुखणे नकळत सुरू होते, विश्रांतीने न शमता हालचालीने उतरते, उत्तररात्री झोप मोडते आणि सकाळी पाठ ताठ करून ठेवते. पुढे काहींचे मणके हाडाने सांधले जातात व कणा बांबूसारखा अखंड होतो. हा बदल मग मागे फिरत नाही. आरंभीच्या वर्षांत क्ष-किरणचित्र निर्दोष दिसू शकते. म्हणून रोग्याच्या तोंडून मिळणाऱ्या वृत्तान्ताला महत्त्व येते, आणि ह्या वृत्तान्तात एक प्रश्न कुळाविषयी असतो.

त्या प्रश्नाला आनुवंशिकतेचा आधार आहे. १९७३ साली ब्रूअर्टन व त्यांचे सहकारी ह्यांना लंडन येथे ७५ रोग्यांपैकी ७२ जणांत एच.एल.ए.-बी २७ हे प्रतिजन आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत ते अवघ्या तिघांत होते. रोग्यांच्या ६० निकटच्या नातेवाइकांपैकी मात्र ३१ जणांत ते मिळाले. २००९ साली ‘असास’ ह्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने वर्गीकरणाचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत कुलवृत्त ही एक खूण धरलेली आहे. नातेवाईक कोण तेही तेथे ठरलेले आहे : आईवडील, सख्खी भावंडे, मुले; त्यापुढे दोन्हींकडील आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, पुतणे व भाचे.

येथे मराठी एकीकडे साहाय्य करते, तर दुसरीकडे फसवते. इंग्रजीतील एकच शब्द आत्या, मावशी, काकू व मामी ह्या चौघींना पुरतो. त्यांतील पहिल्या दोघीच रक्ताच्या, हे मराठी रोग्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण ‘भाऊ’ म्हटले की चुलत, मामे, आते, मावस असे सारेच त्यात येतात, आणि निकषांच्या यादीत ह्या भावांना स्थान नाही. ‘सख्खा’ हे विशेषण वैद्याने स्वतःच उच्चारावे हे बरे. जुन्या वळणाच्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ व सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते, हेही ध्यानात असावे. सर्वांत घातक शब्द ‘घर’ हा होय. विवाहित स्त्रीला ‘घरात कुणाला आहे का?’ असे विचारले, तर ती सासरच्या माणसांचा विचार करून प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि माहेरी पाठीत वाकलेला बाप वृत्तान्तात येणारच नाही. हा आजार पुरुषांचाच, ही जुनी समजूत आधीच स्त्रियांच्या निदानाला विलंब लावत आली आहे. त्यात ह्या शब्दाची भर पडते.

रोगांची नावेही अशीच सैल आहेत. ‘आजोबांना वात होता’ ह्या वाक्यात म्हातारपणी झिजलेले गुडघेही बसतात. आजोबांची पाठ तरुणपणीच आखडली होती काय, मान वळवण्यासाठी ते सारे अंग वळवीत काय, असे विचारावे. निकषांत डोळ्याच्या आतील दाह, सोरायसिस, आतड्यांचा जुनाट दाह व जंतुसंसर्गामागून येणारा संधिदाह ह्यांचीही गणना आहे. पैकी डोळ्याचा दाह ‘डोळे आले’ ह्या शब्दांत सहज लपतो. एकच डोळा लाल होणे, ठणकणे, उजेड सहन न होणे आणि हे पुन्हापुन्हा घडणे, ही त्याची ओळख.

तथापि ह्या प्रश्नाचे मोल अमर्याद नाही. जुनाट पाठदुखीच्या रोग्यांचा युरोपात जो अभ्यास झाला, त्यात कुळातील मणक्यांचा हा संधिवात व डोळ्याचा दाह ह्यांचाच रोग्याच्या बी २७शी संबंध दिसला. सोरायसिस किंवा आतड्यांचे विकार ह्यांचा दिसला नाही. रोग्याचे बी २७ एकदा कळले, की कुलवृत्ताने निदानात फारशी भर पडत नाही. बी २७ असणाऱ्या बहुसंख्य लोकांना तर हा रोग कधी होतच नाही. तेव्हा होकारावरून निदान करता येत नाही आणि नकारावरून ते टाळताही येत नाही. कोणत्या रोग्याची रक्तचाचणी व चुंबकीय प्रतिमाचित्रण आधी करावे, एवढे ठरवण्यास तो होकार उपयोगी पडतो.