पांढरे नाणे घेण्याआधी दहादा विचार करा

आपल्या वऱ्हाडात पांढरे सोने म्हटले की कापूस. पण परवा वाशिमच्या आमच्या कापड दुकानात कारंज्याचे एक टेलर मास्तर आले आणि त्यांनी दुसऱ्याच पांढऱ्या सोन्याची गोष्ट काढली. म्हणाले, "भाईजान, प्लॅटिनमचे नाणे घेऊन ठेवू का? लोक म्हणतात, सोन्यापेक्षा स्वस्त आहे, पुढे सोन्याच्या वर जाईल." ही रक्कम त्यांनी मुलीच्या लग्नासाठी बारा वर्षे शिलाईतून जमवलेली. असा प्रश्न आणखीही भाईबंदांच्या मनात असेल, म्हणून चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट, सराफ ज्याला व्हाइट गोल्ड म्हणतात ते सोन्यात दुसरा धातू मिसळून केलेले असते. प्लॅटिनम हा वेगळाच धातू आहे. तो सोन्याहून जड आणि सोन्याहून दुर्मीळ. जगातला बहुतेक माल दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतो. रशियाच्या झारने १८२८ पासून १८४५ पर्यंत प्लॅटिनमचे रूबल चालवले होते. गुंतवणुकीची नाणी अलीकडची. आइल ऑफ मॅनचे 'नोबल' १९८३ चे, कॅनडाचे 'मेपल लीफ' १९८८ चे, अमेरिकेचे 'ईगल' १९९७ चे. मोठे नाणे एक औंसाचे, म्हणजे ३१.१ ग्रॅमचे असते. शुद्धता ९९९.५.

भावाची चाल

सोन्याला मागणी दागिन्यांची आणि बँकांची. प्लॅटिनमचा मोठा गिऱ्हाईक मोटारींचा कारखानदार आहे. धूर साफ करणाऱ्या यंत्रात, खास करून डिझेल गाडीत, हा धातू लागतो. गाड्यांचा धंदा बसला की भाव बसतो. २००८ च्या मार्चमध्ये भाव औंसाला २२०० डॉलरच्या वर होता. त्याच वर्षी मंदी आली आणि तो १००० च्या खाली आला. २०१५ पासून तर तो सोन्याच्या खालीच राहिला. २०२५ च्या सुरुवातीला ९०० डॉलरच्या आसपास होता, जूनमध्ये १३०० च्या वर गेला. अशी उडी पाहूनच आपल्यासारख्यांना मोह होतो.

तो मोह मलाही झाला होता. २००८ साली मुंबईला कापडाच्या खरेदीला गेलो असता एका पेढीवर १० ग्रॅमचे नाणे घेतले. २०१६ मध्ये पैशाची गरज पडली. गावातल्या दोन सराफांनी नाणे हातात घेऊन परत दिले. त्यांची चूक नव्हती. त्यांची कसोटी आणि तेजाब सोन्यासाठी असते. प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश सेल्सियस उष्णता लागते, सोन्याला १०६४ पुरते. गावच्या भट्टीत ते गळत नाही. शेवटी मुंबईच्या त्याच पेढीने बट्टा कापून घेतले. हातात आलेली रक्कम मुद्दलापेक्षा कमी होती. त्याच आठ वर्षांत सोन्याचा भाव दुपटीहून वर गेला होता.

गिन्नीचा धडा

आपल्या बुजुर्गांनी गिन्नी का जपली? मुंबईच्या टांकसाळीत १९१८ साली सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडल्या गेल्या. त्यावर 'आय' हे अक्षर आहे. वजन आठ ग्रॅमला किंचित कमी, सोने २२ कॅरेट. ती गिन्नी आजही रिसोड, मंगरूळपीर कुठेही दाखवा, सराफ लगेच वजनाचा भाव सांगतो. मालाची खरी किंमत गिऱ्हाईक मिळण्यात असते, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही.

शौकिनाची गोष्ट वेगळी. जुने वर्ष, कमी संख्येत पाडलेले नाणे, सुंदर छाप यांना तो जास्त पैसे मोजतो. पण आपल्याकडे विकायला गेलात तर फक्त धातूचा भाव मिळेल, छापाचा नाही.

जकातीचेही पाहावे. निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीचा आहे. प्लॅटिनमचे नाव त्यात नाही. मात्र विकून नफा करण्याच्या नियतीने घेतले तर ते तिजारतीचा माल ठरते आणि बाजारभावावर जकात येते, असे हनफी उलेमा सांगतात. आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावे.

तरीही घ्यायचे असेल तर

पक्के बिल घ्या. जीएसटी ३ टक्के लागतो, तो परत मिळत नाही. सीलबंद पाकीट फोडू नका. परत घेताना किती कापणार, हे पेढीकडून आधी लिहून घ्या. आणि दहा वर्षे हात लावावा लागणार नाही अशीच रक्कम घाला.

मास्तरांच्या मुलीचे लग्न दोन वर्षांवर आहे. मी म्हटले, "मास्तर, कापड कापायच्या आधी माप घेता ना? इथे माप दोन वर्षांचे आहे." ते हसले आणि रक्कम घेऊन घरी गेले.