मॉरिशसच्या किनाऱ्यावर ऊस उत्पादक



मॉरिशस म्हटले की नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचे फिरायचे ठिकाण, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खोटी नाही. पण हे बेट मुळात उसाचे. डचांनी १६३९ साली तिथे ऊस नेला आणि पुढे शे-दीडशे वर्षे सगळा कारभार उसावरच चालला. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी झाल्यावर आपल्या भागातले नऊ ऊस उत्पादक आणि मी असे दहा जण तिथे जाऊन आलो. आडसाली लागणी उरकल्या होत्या आणि बॉयलर पेटायला अजून अवकाश होता. खर्च ज्याचा त्याने केला. कारखान्याच्या खात्यावर एक रुपयाही टाकलेला नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर वार्षिक सभेत प्रश्न यायचा.

मुंबईहून थेट विमान आहे. पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर शिक्का मिळतो. घड्याळ दीड तास मागे करायचे. बेट लांबीला साधारण ६५ किलोमीटर, रुंदीला ४५. म्हणजे सकाळी एका किनाऱ्यावरून निघाले की चहाला दुसऱ्या किनाऱ्यावर.

बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. मोठ्या लाटा त्या बांधावर फुटतात आणि आतले पाणी शेततळ्यासारखे शांत राहते. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक, उत्तरेकडे त्रू-ओ-बिश हे किनारे पोहायला चांगले. काठाला सुरूची बने, अगदी आपल्या कोकणातल्यासारखी. पाण्यात उतरताना पायात रबरी बूट हवेत, प्रवाळ कापतो. दक्षिणेला ग्री-ग्री येथे मात्र प्रवाळाचा बांध तुटलेला आहे, तिथे समुद्र नुसता पाहायचा, उतरायचे नाही. आमच्यातले दोघे पहिल्यांदाच समुद्र बघत होते. ते गुडघाभर पाण्यात तासभर उभे राहिले, बोलले काही नाही.

जेवणाची चिंता नको. रस्त्यावर गाड्यावर 'ढोल पुरी' मिळते, म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, सोबत रस्सा आणि चटणी. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण समजा.

आता आपल्या कामाचे. तिथला हंगाम जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा तोडणी ऐन भरात होती. जमीन ज्वालामुखीची, काळ्या दगडांनी भरलेली. जुन्या मजुरांनी हाताने वेचलेल्या दगडांचे ढीग शेतात अजून उभे आहेत, दोन-दोन पुरुष उंचीचे. एकदा लागण केली की सहा-सात खोडवी घेतात. उतारा एकरी सरासरी तीस टनांच्या आसपास, म्हणजे आपल्या चांगल्या शेतकऱ्याच्या मानाने कमीच. पण पाचट शेतात पसरलेले ठेवतात. आपण काडी लावून मोकळे होतो, त्याबद्दल मी दर हंगामात बोलतोच, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. बगॅसपासून वीज करून विकतात आणि त्या बगॅसचा मोबदला ऊस उत्पादकाला वेगळा मिळतो. हे ऐकून आमच्या मंडळींचे कान टवकारले, ते मी पाहिले.

पांपलमूस येथे मोठी जुनी बाग आहे. तिथल्या तळ्यातल्या कमळाची पाने परातीएवढी, काठ वर वळलेले. जवळच बो प्लां येथील साखर कारखाना १९९९ साली बंद पडला आणि २००२ पासून त्याच इमारतीत साखरेचे संग्रहालय आहे. गाळपाची यंत्रे जागच्या जागी ठेवली आहेत. शेवटी तऱ्हेतऱ्हेच्या साखरा चाखायला देतात. बंद कारखान्यात तिकीट काढून शिरताना आमच्यातला कोणीही फारसा हसत नव्हता.

कारखाने बंद का पडले? तिथली साखर युरोपला ठरलेल्या चढ्या दराने जात असे. २००६ पासून तो दर उतरवत नेला, तो एकूण ३६ टक्क्यांनी कमी केला. २००९ साली जुना करारही संपला. एके काळी वीसच्या आसपास कारखाने होते, आता तीन उरले आहेत. उसाखालचे क्षेत्र या शतकाच्या सुरुवातीच्या मानाने निम्म्यावर आले आहे.

पश्चिमेला कास्कावेल या गावाकडे मराठी माणसांची वस्ती आहे. रत्नागिरी, सातारा भागांतून मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे हे पणतू-खापरपणतू. बोली घरात क्रिओल, पण आरती मराठीत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. एका आजोबांनी आम्हाला ओसरीत बसवले. दोन 'अर्पां' जमीन, म्हणजे दोन एकरांहून किंचित जास्त. तिच्यात आता रान माजले आहे. मुलगा हॉटेलात नोकरीला, तोडायला माणूस मिळत नाही. "तुमच्याकडे परवडतो का हो?" असे त्यांनी विचारले. आमच्यापैकी प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट जरूर पाहावा. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आले. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. घाटाच्या दगडी पायऱ्या सोळा आहेत. २००६ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारशाचा मान दिला.

माएबूरच्या किनाऱ्यावर ऐकलेली एक गोष्ट. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' नावाचे जपानी मालकीचे जहाज जवळच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा लोकांनी शेतातले वाळलेले पाचट आणले, पोत्यांत आणि कापडी नळ्यांत भरले, तरंगण्यासाठी प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला त्याचे लांबच लांब बांध पाण्यात सोडले. बायका, पोरे, कोळी, शेतकरी सगळे रात्रंदिवस शिवत होते.

जायचे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, तो टाळावा. पासपोर्टचा अर्ज कसा करायचा ते शेतकी खात्यात विचारा, मंगळवारी मी असतो.