माळ्यावरचे देशी गेम

इमारत पुनर्विकासाला निघाली की आधी माळे रिकामे होतात. वाशीत सिडकोच्या जुन्या वसाहतींमध्ये हे काम चालू आहे. मिक्सरचे खोके, शाळेच्या वह्या, बंद पडलेला व्हीसीआर यांच्यासोबत काही घरांतून काळ्या प्लास्टिकच्या पातळ डब्यांची एखादी पिशवीही खाली येते. बहुतेकांना त्या जुन्या सिनेमाच्या डीव्हीडी वाटतात आणि पिशवी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. ती आधी उघडून पाहायला हवी.

ते डबे प्लेस्टेशन-२चे असतील, तर त्यांत भारतात बनलेल्या पहिल्यावहिल्या कन्सोल गेमपैकी एखादा निघू शकतो.

सोनीचा प्लेस्टेशन-२ मार्च २००० मध्ये जपानात आला आणि पंधरा कोटींहून अधिक विकला गेला. जानेवारी २०१३ मध्ये त्याचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं. परदेशी संग्राहकांच्या लेखी या यंत्राची शेवटची चार-पाच वर्षं तशी कोरडीच. मोठे स्टुडिओ पुढच्या यंत्राकडे वळले होते आणि जुन्यासाठी मुख्यतः दरवर्षीचा फुटबॉल उरला होता. भारतात मात्र नेमकं उलट घडलं. २००७ मध्ये प्लेस्टेशन-३ इथे आला तो ३९,९९० रुपयांना. मध्यमवर्गीय घरात तेवढे पैसे खेळण्यावर कोण घालणार? त्यामुळे जुना प्लेस्टेशन-२ दुकानांत टिकून राहिला आणि सोनीने त्याच्यासाठी देशी गेम काढायला घेतले.

२००९ मध्ये हैदराबादच्या स्टुडिओंतून ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ आले. दुसऱ्यात कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असे अंगणातले खेळ होते. ‘हनुमान’ खेळ म्हणून फसला, समीक्षकांनी त्याला झोडपलं. देवाला खेळणाऱ्याच्या हातातल्या बटणांवर नाचवू नये, असा आक्षेप अमेरिकेतून हिंदू नेते राजन झेड यांनी घेतला होता. तरीही संपूर्णपणे भारतात घडलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं आणि संग्रहात त्याची जागा पहिली असायला हवी. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला. त्यात गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात, मोठी मैदानं आणि नामवंत खेळाडू नाहीत. पुढे शाहरुख खानच्या सिनेमांवरचे दोन गेम आले. ‘रा-वन’ २०११ मध्ये सिनेमासोबतच आला. ‘डॉन २’चा गेम मात्र सिनेमानंतर वर्षभराहून जास्त काळाने, फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. यंत्राचं उत्पादन थांबल्यावर आलेला हा देशी गेम या संग्रहाचं शेवटचं टोक आहे.

परदेशी गेमच्याही काही भारतीय आवृत्त्या शोधण्यासारख्या आहेत. कोडमास्टर्सचा २००७चा क्रिकेट गेम इंग्लंडमध्ये ब्रायन लाराच्या नावाने विकला गेला, ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या आणि भारतात युवराज सिंगच्या. गेम एकच, पण भारतीय नाव असलेला डबा या बाजाराबाहेर सापडणं कठीण.

डबा उघडला की डावीकडे मेमरी कार्ड ठेवायची खाच आणि माहितीपुस्तिका, उजवीकडे डिस्क. डिस्कची मागची बाजू चंदेरी असेल तर ती डीव्हीडी आणि निळी असेल तर सीडी. यंत्राच्या सुरुवातीच्या काळात निळ्या डिस्क बऱ्याच निघाल्या. जांभळट झाक दिसली की ती घरी किंवा गल्लीतल्या दुकानात ‘कॉपी मारलेली’ असण्याची शक्यता मोठी. कॉपी चालवण्यासाठी चिप बसवलेल्या यंत्रांवर अशा डिस्क चालत. त्यामुळे ओरिजिनल डबे मुळातच कमी घरांत आले.

पुस्तिकेमागे कधी कधी इतर गेमची जाहिरात करणारं घडीचं पत्रक सापडतं. मुलांनी ते फाडलं किंवा फेकून दिलं. कंपनी त्या वर्षी कोणते गेम पुढे करत होती हे कळायला असं पत्रक फार उपयोगी पडतं, म्हणून जाणकार डिस्कइतकाच त्याचा शोध घेतात.

डब्यामागचा पांढरा स्टिकरही तितकाच मोलाचा. वेष्टनबंद वस्तूंच्या भारतीय नियमांमुळे आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते. हे नियम १९७७ पासून होते, २०११ मध्ये नवे आले. त्यामुळे एखादी प्रत कोणी, कधी आणि कितीला विकायला काढली हे डब्यावरच वाचता येतं. दुसऱ्या देशांतल्या संग्राहकांना ही माहिती इतक्या सहज मिळत नाही.

हे सगळं घराघरांतून गोळा करावं लागतं, कारण सरकारदरबारी त्याची सोयच नाही. पुस्तक छापलं की १९५४च्या कायद्यानुसार त्याची एक प्रत मुंबईत टाउन हॉलमधल्या सेंट्रल लायब्ररीकडे जाते. सिनेमासाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. व्हिडिओ गेम यांपैकी कशातच बसत नाही. ‘देसी अड्डा’ची पत्रकासह शाबूत प्रत कुठे जपली गेलीच, तर ती कुणाच्या तरी कपाटात.

त्यातून नवी मुंबईचा पावसाळा. खाडीकाठच्या दमट हवेत मुखपृष्ठाचा कागद प्लास्टिकला चिकटतो, डिस्कवर बुरशीचे ठिपके उमटतात. डबे उभे ठेवावेत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या जूनच्या आधी बदलाव्यात. डिस्क पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवू नये. स्टिकर उचकटायला काही जण रॉकेल किंवा पेट्रोल लावतात. त्याने छपाई उडते, म्हणून स्टिकर आहे तसाच राहू द्यावा.