हिरव्या ठिपक्यातला बलक

भोपाळच्या एखाद्या किराणा दुकानातून हिरव्या ठिपक्याचा केक घ्या आणि पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. मैदा, साखर, तेल आणि मग बहुतेक वेळा सोया लेसिथिन. नाव नसेल तर नुसता ३२२ हा आकडा. आपल्याकडे हिरवा ठिपका म्हणजे अंडं नसल्याची ग्वाही. आणि लेसिथिन हा शब्द ज्या ग्रीक 'लेकिथोस'वरून आला, त्याचा अर्थ अंड्याचा बलक!

पॅरिसमधल्या थेओदोर गोब्ले नावाच्या औषधनिर्मात्याने १८४६ साली बलकातून हा चिकट पदार्थ वेगळा काढला आणि पुढे बलकावरूनच त्याचं बारसं केलं. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि दोन्ही शेपट्या तेलाकडे. तेल-पाण्याचं जन्माचं वाकडं. हा मध्ये उभा राहून दोघांना एका भांड्यात नांदवतो. केकचं पीठ फाटत नाही ते यामुळे.

आज बाजारातलं बरंचसं लेसिथिन मात्र सोयाबीनमधून येतं. कच्च्या सोयातेलात थोडं पाणी मिसळलं की ते फुगून गोंदासारखं खाली बसतं. तेल गिरणीला ते तेलातून काढावंच लागतं. जगभरच्या बेकऱ्यांना तेच हवं असतं.

श्रावणात भोपाळमधून बैरसिया, सीहोर, विदिशा, कुठल्याही दिशेने निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच दिसेल. पूर्वी इथे काळ्या दाण्याचं सोयाबीन थोडंफार व्हायचं, त्याला लोक 'कालीतूर' म्हणत. पिवळ्या वाणांचा प्रसार साठच्या दशकात सुरू झाला, त्यामागे जबलपूरचं कृषी विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ होतं. या दाण्यात जवळपास ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. प्रथिनं, स्निग्धांश, लेसिथिन: बलकाची सगळी सामग्री शेंगेत. कोंबडीशी काही नातं नसताना!

म्हणूनच एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा सोयापीठ तेवढ्याच पाण्यात कालवून घालायचं, ही युक्ती चालते. माझी पहिल्यांदा फसली. दाणे तसेच मिक्सरमधून काढले, आणि केकला कच्च्या शेंगांचा असा उग्र वास आला की घरच्यांनी एकेक तुकडा तोंडात घालून ताटली परत सरकवली. दोष लायपॉक्सिजनेज या विकराचा. दाणा फुटून ओल लागली की तो तेलावर तुटून पडतो आणि हा वास तयार करतो. शिवाय कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारं एक प्रथिनही असतं. दोघांवर इलाज एकच, उष्णता. बैरसिया रस्त्यावर नबीबागेत १९७६ पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, तिथे सोयाबीन प्रक्रियेवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. तिथली पद्धत घरीही जमण्यासारखी: सालं काढलेली डाळ उकळत्या पाण्यात साधारण अर्धा तास ठेवायची, कडकडीत वाळवायची आणि मग दळायची. वास गेला म्हणजे गेला.

पण सोयापीठ अंड्याची सगळी कामं करतं, ही फुशारकी कुणी मारू नये. अंड्याचा फेटलेला पांढरा भाग हवा धरून ठेवतो, आणि भट्टीत त्याच बुडबुड्यांभोवतीची प्रथिनं घट्ट होतात. त्यांतलं मुख्य, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या आसपास आवळतं. म्हणजे आधी घर फुगतं, मग भिंती पक्क्या होतात. अंडं काढलं की भिंतींचा बराचसा भार मैद्यातल्या पिष्टावर येतो, आणि साखर जास्त असली की पिष्ट उशिरा शिजतं. मधल्या वेळात बुडबुडे निसटतात, केक मध्येच बसतो. दही आणि खाण्याचा सोडा घालून आपण वायू नव्याने तयार करतो खरा, पण तो थांबत नाही. पीठ कालवलं की लगेच भांडं आत गेलं पाहिजे. चार अंड्यांवर उभा असलेला स्पंज मात्र कशानेच होत नाही. त्या वाटेला जाऊ नये.

तुपा-लोण्याचं गणित आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, फक्त नाव वेगळं. शंकरपाळ्यांत घालतो ते मोहन. मोहन मैद्याच्या कणांना वेढतं, त्यांचे लांब चिवट धागे जुळू देत नाही, म्हणून शंकरपाळी खुसखुशीत होते. केळ्याचा किंवा सफरचंदाचा गर ओल धरतो, पण मोहनाचं काम त्याला जमत नाही. म्हणून केकमधलं निम्मं लोणी गराने बदललं तर चालून जातं. सगळं बदललं तर रबर. नानकटाईत तर बदलूच नये, तिथे तूप हाच पदार्थ आहे.

अंड्याला पर्याय शोधणं ही काही फक्त शाकाहाऱ्यांची हौस नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, यीस्टही नाही. त्याने तिच्यासाठी १८३७ साली कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड केलं आणि १८४३ साली बेकिंग पावडर. आपल्या मुंजी-बारशांत फ्रूट कस्टर्डच्या वाट्या फिरतात तेव्हा, मुळात यात अंडं असतं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

मला सगळ्यात थक्क केलं ते फ्रान्समधल्या एका गोष्टीने. २०१४ साली जोएल रोसेल या गायकाच्या लक्षात आलं की डबाबंद कडधान्यांचं पाणी फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. पुढच्या वर्षी अमेरिकेत काबुली चण्यांच्या पाण्याला 'अॅक्वाफाबा' असं भारदस्त नाव मिळालं. चणे शिजताना त्यातली थोडी प्रथिनं आणि सॅपोनिन पाण्यात उतरतात. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. चण्याचं शिजवलेलं पाणी म्हणजे आपला कट की! पुरणाची डाळ शिजताना वर येणारा तो पांढरा फेस पिढ्यान्‌पिढ्या आपण पळीने काढून मोरीत टाकत आलो.

येत्या होळीला पुरण घालीन तेव्हा वाटीभर कट बाजूला काढणार आहे. मंद आचेवर आटवायचा, गार करायचा आणि फेटून बघायचा. आमटी थोडी कमी पडेल, त्यावरून घरात कुरबुर होणार हे नक्की.