रील पाहून झाली? आता बोंडअळी पाहा!

ॲपल कंपनीची सूचना आहे: आयफोन 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानातच वापरावा. म्हणजे मे महिन्यातल्या अकोल्यात तो सकाळी आंघोळ उरकेपर्यंत वापरायचा आणि मग एकदम रात्री जेवणं झाल्यावर! पारा 45 वर गेला तरी आपण दुपट्टा घट्ट बांधून कामाला निघतो. फोनला दुपट्टा नसतो. म्हणून तो स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, फ्लॅश बंद ठेवतो. लोक म्हणतात, "फोन गेला ना बाप्पा!" गेलेला नसतो. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून तो स्वतःच कामं कमी करून बसलेला असतो. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये किंवा माठावर मात्र नको, आत दव धरलं की खरंच जाईल.

उन्हाचा हा एक मुद्दा सोडला तर वऱ्हाडासारखा मुलूख फोनवाल्याला मिळायचा नाही. इथे मोजण्यासारखं, ऐकण्यासारखं, टिपण्यासारखं भरपूर आहे, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना नवा महागडा फोनही लागत नाही.

विक्रमी रस्ता, नाचरा आलेख

जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने 2016 मध्ये 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप काढलं. फोनच्या पोटात काय काय सेन्सर दडलेत आणि ते या क्षणी काय मोजताहेत, हे ते थेट आलेखात दाखवतं: हादरे, चुंबकत्व, आवाज, हवेचा दाब. एरवी स्क्रीन आडवी-उभी करण्यापुरता वापरला जाणारा हादऱ्यांचा सेन्सर रस्त्याची परीक्षा घ्यायला एकदम फर्मास.

परीक्षेला रस्ताही तसाच आहे. जून 2022 मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची डांबरी लेन सलग 105 तास 33 मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. या रस्त्यावरून जाताना फोन बाजूच्या सीटवर पालथा ठेवा (गाडी दुसऱ्याच्या हाती असेल तरच), आलेख सुरू करा आणि तसेच शहरात शिरा. महामार्गावरची रेघ आणि गावातली रेघ यांत जो फरक दिसतो, तो नगरसेवकाला दाखवण्यासारखा असतो. कोणत्या शहरात रेघ जास्त नाचते ते मी लिहिणार नाही. अमरावतीकर आणि अकोलेकर दोघेही पहिल्या नंबरासाठी भांडतील.

याच ॲपची खरी मजा परतवाडा ते चिखलदरा या घाटात. फोनमध्ये बॅरोमीटर असेल (स्वस्त फोनमध्ये बहुधा नसतो, ॲप उघडलं की कळतं) तर हवेचा दाब वळणावळणाला उतरताना दिसतो. साधारण 8 ते 9 मीटर चढलं की 1 हेक्टोपास्कल कमी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटरवर, त्यामुळे वर पोहोचेपर्यंत आकडा चांगलाच घसरलेला असतो. पिशवीतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं दिसेल, त्याचंही कारण तेच. कानाला दडे बसले की लगेच आलेख पाहा. पोरांना भूगोलाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

पाण्याचा एक थेंब आणि डोमकळी

मॅक्रो लेन्सवाला फोन नाही? बोट ओलं करा आणि मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा एक छोटा थेंब ठेवा. थेंबाचा फुगीर आकार भिंगाचं काम करतो. फोन हलक्या हाताने आडवा धरा, कॅमेरा खाली, थेंब लटकता, आणि वस्तूच्या अगदी जवळ न्या. आधी फोकसची ओढाताण होते. मग एकदम कपाशीच्या पानावरची लव, तुडतुड्याचे पंख, मावा असं सगळं दिसायला लागतं. फोन जुना आणि काच तडकलेली असेल तर हा उद्योग नको.

कपाशीच्या शेतात याचा उपयोग नुसत्या करमणुकीपुरता नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाला जो दणका दिला, तो अजून कोणी विसरलेलं नाही. अंड्यातून निघालेली अळी जेमतेम मिलिमीटरभर, पांढुरकी, डोकं तपकिरी. गुलाबी रंग नंतर येतो. म्हणजे नाव ऐकून गुलाबी अळी शोधत बसलात तर उशीर झालेला असतो. आधी शोधायची ती डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल. ते उकला, आत कॅमेरा न्या, फोटो काढा आणि कृषी सहायकाला पाठवा. "काहीतरी अळी दिसते साहेब" यापेक्षा फोटो शंभर पटीने बरा.

आणखी एक युक्ती. कामगंध सापळ्यात रोज किती पतंग अडकले याची वही कोणीच नीट ठेवत नाही. त्याऐवजी रोज सकाळी सापळ्याचा एक फोटो काढा आणि एकाच अल्बममध्ये टाका. तारीख-वेळ फोन स्वतः लिहितो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-दहा पतंग दिसले की हालचाल करायची, असं कृषी विभाग सांगतो. ते तीन फोटो शेजारी-शेजारी ठेवले की हिशेब डोळ्यांसमोर.

तशीही शेतात फोटो काढायची सवय आता सरकारनेच लावली आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि सातबाऱ्यावरचं पीक शेतकरी स्वतः, शेतात उभा राहून, फोटोसह नोंदवू लागला. 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' ॲप आणलं. हमीभावाने कापूस द्यायचा तर नोंदणी त्यावर.

वीज कुठे, आपण कुठे

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या भोवतीच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात पडणाऱ्या विजा दाखवतं. लोकेशन आणि नोटिफिकेशन मात्र सुरू हवं, आणि नेमकं तेच बॅटरी वाचवायला बंद केलेलं असतं! रेंज गेली तर फोनचं स्टॉपवॉच वापरा: लखकन दिसलं की सुरू, गडगडलं की बंद, सेकंदांना तीनने भागा. आलं उत्तर तितके किलोमीटर. उत्तर कितीही येवो, गडगडाट ऐकू आला म्हणजे कडुनिंबाखालून हलायची वेळ झाली.

भूकंपाचीही सूचना अँड्रॉइड फोन देतो, भारतात सप्टेंबर 2023 पासून. टेबलावर निवांत पडलेल्या असंख्य फोनचे हादरे एकत्र करून गूगल अंदाज बांधतं. पण सूचना येते ती 4.5 रिश्टर किंवा त्याहून मोठ्या धक्क्यांसाठी. 2018 च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातलं साद्राबाडी गाव लहान-लहान हादऱ्यांनी धास्तावलं होतं. तशा हादऱ्यांना हा फोन ढिम्म राहील.

मेळघाटात रेंज नाही? बरंच आहे!

हरिसाल आठवतं ना? 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने हे गाव 'डिजिटल' झालं, टीव्ही वाहिन्यांच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट आणायचा बेत होता. 2019 च्या प्रचारात राज ठाकरे यांनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत 'डिजिटल'चा दावा फोल असल्याची त्याच गावातली चित्रफीत दाखवली आणि हरिसाल महाराष्ट्राला पाठ झालं. त्यातून निघणारा धडा सोपा: मेळघाटात जायचं तर जे लागेल ते अमरावतीतच डाउनलोड करून घ्या.

त्यात पहिलं 'मर्लिन'. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे मोफत ॲप 2021 पासून आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं, आणि पक्ष्यांचा संच उतरवून घेतला तर नेटशिवायही. याच जंगलात रानपिंगळा आहे. 1884 नंतर हा पक्षी संपलाच असं धरलं होतं. 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला आणि मेळघाटातही सापडला. घुबडाच्या जातीचा असून हा दिवसाढवळ्या फिरतो. एक विनंती: त्याचा आवाज फोनवर वाजवून त्याला बोलावू नका. तो दुसऱ्या पिंगळ्याशी भांडायला येतो आणि आपली शिकार सोडून दमतो.

धुळघाटही पाहून घ्या, पण उपग्रहाच्या नजरेने. जुना अकोला–खंडवा मीटरगेज मार्ग इथे डोंगर चढण्यासाठी गोल फिरून स्वतःलाच ओलांडायचा. गूगल अर्थवर बोटांनी झूम केलं की वेटोळं झाडीतून उमटतं.

आठपट हळू

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. तिथल्या मल्लखांबपटूने मारलेली उडी सेकंदाला 240 चित्रांनी टिपली आणि 30 ने दाखवली, तर ती आठपट हळू दिसते. पकड कुठे सुटली ते उस्तादाने सांगण्याआधी पोराला कळतं. तिरंदाजीचंही तसंच: बाण सेकंदाला 60 मीटरने निघाला तर दोन चित्रांमध्ये पाव मीटर पुढे जातो, आणि धनुष्यातून सुटताना चक्क वाकतो. चित्रण उन्हात करा. ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि स्लो मोशनमध्ये ती लुकलुक डोळ्यांवर येते.

बोला, पण जपून

गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय ऑगस्ट 2017 मध्ये दिली. बातम्यांतली मराठी ते झकास लिहितं. पण "मले काहून इचारता?" म्हटलं की त्याची गाडी घसरते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'वाणी' प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यांतली बोली गोळा करतो आहे. तोवर वऱ्हाडी लिहायची तर बोटांनीच. मेळघाटातल्या कोरकू भाषेचं तर विचारूच नका. ती मुंडा कुळातली, तिच्या बहिणी संथाली आणि मुंडारी पार झारखंड-ओडिशात.

म्हणून बोलीसाठी टाइपिंगपेक्षा रेकॉर्डर बरा. आजीच्या ओव्या, पोळ्याच्या झडत्या, कोरकू गाणी यांचं रेकॉर्डिंग करताना सुरुवातीलाच म्हणणाऱ्याला विचारून नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. फोन टेबलावर नको, टॉवेलच्या घडीवर ठेवा, म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत. कूलर पाच मिनिटं बंद. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हॉइस नोट करू नका, फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे आवाज दाबला जात नाही.